नमुना एकाने करावा, शंभरांनी भरावा



बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या वस्तीत वर्षाचे दोनच भाग असतात. विजयादशमीला धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा झाला की थोड्याच दिवसांत मुकादमाची गाडी दाराशी येते. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातो, कोणी सातारा-सोलापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडला की माणसे परततात, ती 14 एप्रिलच्या जयंतीच्या आगेमागे. या दोन सणांच्या मधले पाच-सहा महिने म्हणजेच शाळेचे खरे वर्ष. ज्या घरी सांभाळायला आजी आहे, त्या घरचे लेकरू गावात राहते. ज्या घरी नाही, ते आईबापासोबत कोपीवर जाते, धाकट्या भावंडाला राखते, वाढे गोळा करते. परत येते तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. मग ते मागच्या बाकावर बसते आणि एके दिवशी बसायचे थांबते.

ही गोष्ट एका जातीची नाही. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी या भागांतून सर्वच समाजांची गरीब माणसे कोयता हातात घेऊन निघतात, त्यांत आपल्या बौद्ध वस्त्याही आहेत. परंतु ज्या समाजाची सारी पुंजी शिक्षण हीच आहे, त्याचे नुकसान अधिक होते. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या मुलाची शाळा सुटली तर मागे उरते काय?

कायद्याने काही हक्क दिले आहेत, ते प्रथम सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2009 चे कलम 5 सांगते की मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना 2021 साली मंजूर झाली. हे सर्व मागून घेतलेच पाहिजे. आजचा विषय त्याच्या जोडीचा आहे. सरकारने द्यायचे ते सरकारकडून घेत असताना आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी आपल्या हाताने काय करावे, हा प्रश्न आहे.

दीक्षा हा शब्द उच्चारला की आपल्याला 14 ऑक्टोबर 1956 चे नागपूर आठवते. याच नावाचा एक ऑनलाइन शिक्षणाचा मंच केंद्र सरकारने 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू केला. पाठ्यपुस्तकात छापलेला चौकोनी क्यूआर कोड फोनने टिपला की त्या पाठाचे व्हिडिओ आणि सराव प्रश्न उघडतात. एकदा उतरवून घेतले की पुढे इंटरनेट नसले तरी ते पाहता येतात. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात विद्यादान नावाचा कार्यक्रम निघाला आणि त्यात शिक्षकांकडून व संस्थांकडून धडे दान म्हणून मागवले गेले. म्हणजे धडा वरूनच यावा असे नाही, तो खालूनही जाऊ शकतो, हे सरकारनेही मान्य केले.

खालून गेलेल्या कामाचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि मुलांच्या मातृभाषेत मजकूर तयार केला. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. रक्कम दहा लाख डॉलरची होती, त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून देण्याचे जाहीर केले. एका लहान गावातल्या सरकारी शाळेत ही कल्पना राबली. कल्पना एकाची, पण ती दुसऱ्याला उचलता येईल अशा रूपात होती, म्हणून ती पसरली.

‘दुसऱ्याला उचलता येईल असे रूप’ म्हणजेच नमुना. संगणकवाले त्याला टेम्प्लेट म्हणतात. आम्हा कारकुनांना हा शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. सातबारा म्हणजे काय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. राज्यातल्या प्रत्येक गावात रकाने तेच, फक्त आतला मजकूर वेगळा. म्हणून बीडच्या तलाठ्याने लिहिलेला कागद कोल्हापूरच्या बँकेत वाचता येतो. प्रत्येक तलाठ्याने आपल्या मनाने रकाने आखले असते तर कोणाचा कागद कोणाला कळला नसता आणि अर्धा जन्म रकाने आखण्यातच गेला असता.

नमुन्याची दुसरी बाजूही कारकुनाला ठाऊक असते. ज्या गोष्टीला रकाना नाही ती गोष्ट दप्तरी लागत नाही. आपल्या राज्यात पिढ्यान्पिढ्या पूर्ण नाव म्हणजे मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव एवढेच होते. मार्च 2024 मध्ये शासनाने निर्णय घेतला की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आधी आईचे नाव, मग वडिलांचे नाव व आडनाव असेल. आई तर आधीपासूनच होती. मुलाच्या पूर्ण नावात तिला जागा नव्हती, ती आता झाली. तेव्हा नमुना कोण आखतो हा क्षुल्लक प्रश्न नाही. जो रकाने आखतो, तोच ठरवतो की काय विचारले जाईल आणि कोण मोजले जाईल.

ऑनलाइन धड्याचेही असेच आहे. मंचावरचे पुष्कळ धडे चांगले आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा. परंतु ते रोज शाळेत येणाऱ्या मुलाला धरून केलेले असतात. सहा महिने सुटलेल्या मुलाला मोठा व्हिडिओ नको असतो. त्याला आधी सुटलेली एकच पायरी हवी असते. त्याच्याकडे स्वतःचा फोन नसतो, बापाचा फोन रात्री तासभर मिळतो आणि फडात रेंज असतेच असे नाही. या मुलासाठी धड्याचा नमुना आपण आखला पाहिजे. आणि तो एकाने आखून शंभरांना दिला पाहिजे, कारण प्रत्येक वस्तीतल्या तरुणाने कोऱ्या कागदापासून सुरुवात केली तर दुसऱ्या धड्यालाच तो थकेल.

नमुना आखताना परदेशाकडे पाहायची गरज नाही. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 1950 साली महाविद्यालय सुरू केले आणि त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मराठवाड्यातल्या आपल्या किती घरांत पहिला पदवीधर मिलिंदचा आहे, ते आठवा. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हे उत्तर देणारे भिक्खू. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात राजा प्रश्न विचारतो, नागसेन उत्तर देतात, राजाला ते पटले नाही तर तो म्हणतो उपमा द्या. मग रथाची, दिव्याची, आंब्याच्या झाडाची अशी डोळ्यांपुढची उपमा येते. तरीही शंका उरली तर राजा पुन्हा विचारतो. प्रश्न, उत्तर, उपमा, पुन्हा प्रश्न. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा धड्याचा नमुनाच आहे, आणि त्यात न कळल्याबद्दल विचारणाऱ्याला कोणी रागावत नाही.

हाच क्रम धरून एका पानाचा नमुना पुढीलप्रमाणे आखता येईल. त्यात आठ रकाने असावेत.

पहिला, इयत्ता, विषय आणि पाठ्यपुस्तकातील पाठाचे नाव. दुसरा, या धड्यात शिकायची एकच गोष्ट, एका वाक्यात. तिसरा, लेकराच्या रोजच्या जगण्यातली उपमा किंवा उदाहरण. चौथा, तीन ते पाच प्रश्न, सोप्याकडून अवघडाकडे. पाचवा, प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक सूचना. नुसते ‘चूक’ लिहू नये, कुठे वळण चुकले ते सांगावे. सहावा, फोनशिवाय करायची एक कृती. सातवा, हाच मजकूर आवाजात, कारण ज्या आईला वाचता येत नाही तिलाही ऐकून पोराजवळ बसता येते. आठवा, तयार करणाऱ्याचे नाव, तपासणाऱ्याचे नाव, तारीख आणि कितवी आवृत्ती.

आता हा नमुना भरून पाहू. विषय गणित, शिकायची गोष्ट भागाकार. समजा एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, 60,000 रुपये उचल घेतली आहे आणि तोडणीचा दर टनाला 300 रुपये आहे. किती टन ऊस तोडल्यावर उचल फिटेल? उत्तर 200 टन. पुढचा प्रश्न, दोघे मिळून दिवसाला दीड टन तोडत असतील तर किती दिवस लागतील? 133 दिवस पुरत नाहीत, 134 वा दिवस उजाडावा लागतो. तिसरा प्रश्न, मधल्या काळात 15,000 रुपये खर्ची घेतली तर? आता फेडायचे 75,000, म्हणजे 250 टन, म्हणजे 167 दिवस. पाचव्या रकान्यात सूचना अशी, की कोणी पहिल्या प्रश्नाला 1,80,00,000 असे उत्तर दिले तर त्याने भागाकाराऐवजी गुणाकार केला आहे. त्याला विचारावे, एक टन तोडला की देणे वाढते की कमी होते? फोनशिवायची कृती अशी, की आठवडाभर रोज संध्याकाळी आईबापाला विचारून किती टन झाले ते वहीत लिहावे आणि शनिवारी बेरीज करावी.

या एका धड्यात पोर भागाकार शिकते, आणि घरातला हिशोब पहिल्यांदा घरातल्याच माणसाच्या वहीत येतो. एरवी तो मुकादमाच्या वहीत असतो. सावकाराच्या आणि वतनदाराच्या वहीने आपल्या आजा-पणजांना किती नाडले हे सांगायला नको. अक्षरओळख आणि आकडेमोड ही आपल्यासाठी केवळ परीक्षेची बाब कधीच नव्हती.

आता हाच नमुना दुसरा कोणी उचलतो. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी तो टनाच्या जागी हजार विटा घालतो. समजा उचल 40,000 आणि हजार विटांना 800 रुपये, तर 50,000 विटा. परभणीकडची ताई कापूस वेचणीचे किलो घालते. मुंबईच्या वसाहतीतला तरुण बचत गटाच्या कर्जाचे हप्ते घालतो. रकाने तेच, सूचनांची रीत तीच, फक्त आकडे आणि उदाहरण बदलले. पहिल्याला दोन रात्री लागल्या असतील, तर दुसऱ्याला अर्धा तास पुरतो. नावेही आपली घालता येतात. सुजाता, राहुल, गौतमी, विहारातली लायब्ररी, भीमजयंतीची वर्गणी. धड्यात आपले घर दिसले की मुलाला हे पुस्तक परक्याचे वाटत नाही.

हे संगणकावर कसे आणावे, ते थोडक्यात सांगतो. घाबरण्यासारखे काही नाही, एमएस-सीआयटी झालेल्या मुलामुलींना हे सहज जमेल. पहिली गोष्ट, मजकूर युनिकोड मराठीतच टंकावा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर गेला की अक्षरांच्या जागी भलत्याच खुणा दिसतात. दुसरी गोष्ट, नॉर्वे देशात तयार झालेले एच-फाइव्ह-पी नावाचे एक मुक्त साधन आहे. त्यात योग्य पर्याय निवडा, रिकाम्या जागा भरा, शब्द ओढून जागी ठेवा असे तयार साचे असतात. आपला धडा त्यात एकदा भरला की त्याची एक फाइल होते. ती दुसऱ्याला दिली की तो उघडून आकडे बदलतो आणि स्वतःचा धडा करतो. लुमी नावाच्या विनामूल्य प्रोग्रामने हेच काम इंटरनेटशिवाय आपल्या संगणकावर करता येते आणि धड्याची अशी फाइल काढता येते की ती ब्राउझरमध्ये नेटविना उघडते. कार्डावर घालून फडावर पाठवण्याआधी ती आपल्या वस्तीतल्या दोन-चार साध्या फोनवर उघडून पाहावी.

एखाद्या संस्थेला पूर्ण अभ्यासवर्ग चालवायचा असेल तर मूडल आहे. ऑस्ट्रेलियाचे मार्टिन डुगियामस यांनी ते तयार केले, 2002 साली पहिली आवृत्ती निघाली. ते मुक्त आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत, मात्र ते ठेवायला सर्व्हर आणि सांभाळायला जाणता माणूस लागतो. त्यात एक अभ्यासवर्ग नमुन्यासारखा रचून त्याची बॅकअप फाइल दुसऱ्या संस्थेला देता येते. ही फाइल काढताना विद्यार्थ्यांची माहिती वगळण्याची खूण आठवणीने करावी. आपल्याला धडा वाटायचा आहे, लेकरांची नावे, गुण आणि जात वाटायची नाही. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीला वेगळे संरक्षण दिले आहे.

वाटण्याचेही नियम आहेत. बाजारातल्या गाइडची पाने फोटो काढून धड्यात चिकटवू नयेत, ती दुसऱ्याच्या मालकीची असतात. वाक्ये आपली असावीत, चित्र आपल्या वस्तीतल्या पोरीने काढलेले असावे. धड्याखाली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची ओळ लिहावी. या परवान्याचा अर्थ साधा आहे, की वापरा, बदला, वाटा, मात्र मूळ करणाऱ्याचे नाव ठेवा. त्यातलाच एक प्रकार असा, की ज्याने घेऊन बदलले त्यानेही पुढे तसेच खुले ठेवावे. आपल्यासाठी हा प्रकार मला योग्य वाटतो, नाहीतर आपल्या तरुणांनी फुकट केलेला नमुना कोणी शिकवणीवाला बदलून घेऊन इतरांसाठी बंद करायचा. दान पारमितेचा अर्थ आपण विहारात ऐकतो. दिलेली वस्तू पुढे देत राहावी, तिच्यावर कुलूप घालू नये, हा त्याचाच व्यवहारातला भाग आहे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. नमुन्यात चूक राहिली तर ती एका धड्यात राहत नाही, शंभर धड्यांत जाते. म्हणून दोन माणसांनी तपासल्याशिवाय नमुना वस्तीबाहेर जाऊ नये. एक शिक्षक, जो विषय बरोबर आहे का ते पाहील. दुसरे, खुद्द त्या इयत्तेचे एक मूल. त्याला जिथे अडले तिथे दोष मुलाचा नाही, वाक्याचा आहे.

दुसरा इशारा अधिक मोठा. फोनवरचा धडा म्हणजे शाळा नव्हे. ‘आता फोनवर शिकतात ना, मग वसतिगृह कशाला, शिक्षक कशाला’ असे कोणी म्हणू लागले तर आपण तिथेच उभे राहून नाही म्हटले पाहिजे. 2020 च्या टाळेबंदीत ज्यांच्या घरी फोन होता ती मुले शिकली, ज्यांच्या घरी नव्हता ती मागे राहिली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. मुलाला वर्ग हवा, सोबती हवेत, दुपारचे जेवण हवे, रागावणारे आणि पाठ थोपटणारे गुरुजी हवेत. आपला नमुना ही फक्त शिडी आहे. सहा महिन्यांनी परत आलेल्या मुलाला मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आणायची. परतल्यावर त्याचे नाव हजेरीपटावर चढले की नाही, हे पाहण्याचे काम कुठलाही संगणक करणार नाही. ते आपल्यालाच शाळेत जाऊन करावे लागेल.

बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या गरीब मुलांचा विचार करून वर्गाच्या वेळा सकाळच्या ठेवल्या होत्या. शिकणाऱ्याच्या पोटापाण्याप्रमाणे शाळेची वेळ जुळवायची, ही त्यांची दृष्टी होती. आपल्या काळातला शिकणारा फडावर आहे. त्याच्या वेळेला आणि त्याच्या फोनला धडा जुळवणे, हे त्याच वाटेवरचे एक लहान पाऊल आहे.

म्हणून माझी विनंती वेळापत्रकासह आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. आपल्या विहारांत या तीन महिन्यांत ग्रंथवाचन चालते, माणसे संध्याकाळी आपणहून जमतात. गाड्या भरण्याच्या आधीचे हेच तीन महिने आहेत. प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनानंतर तासभर चार-पाच शिकलेली मुलेमुली आणि एक शिक्षक बसोत. पहिल्या महिन्यात कागदावर आठ रकाने आखून दोन धडे भरावेत. दुसऱ्या महिन्यात ते तपासून संगणकावर घ्यावेत आणि शेजारच्या विहाराशी अदलाबदल करावी. एकाने गणित करावे, दुसऱ्याने मराठी, तिसऱ्याने परिसर अभ्यास. तिसऱ्या महिन्यात वस्तीतून कोणती मुले जाणार याची यादी करून त्यांच्या आईबापाच्या फोनमध्ये धडे घालून द्यावेत, सोबत छापील पाने द्यावीत आणि शिक्षण हमी कार्ड घेतले का ते विचारावे. यासाठी निधी गोळा करावा लागत नाही. एक संगणक, थोडा कागद आणि नियमित येणारी चार माणसे पुरतात.

दहा विहारांनी पाच-पाच धडे केले तर पन्नास धडे होतात, आणि ते पन्नासही प्रत्येकाचे होतात. आपल्या मुलांनी काय शिकावे, याचे रकाने आजवर दुसऱ्यांनी आखले. या वर्षावासात काही रकाने आपण आखू या. ज्या वस्तीत हे काम सुरू होईल तिने आपला नमुना या साप्ताहिकाकडे पाठवावा, म्हणजे तो पुढच्या वस्तीपर्यंत पोहोचेल.

जयभीम! नमो बुद्धाय!